चपला काढून बसायची गाडी

मद्रासला अड्यारच्या आमच्या गल्लीत उमाकांतरावांच्या मारुतीत बसायचं म्हणजे देवळात गेल्यासारखं चपला बाहेर काढाव्या लागत. त्या उचलायच्या, दाराच्या खिशात ठेवलेल्या कापडी पिशवीत घालायच्या, पिशवी मांडीवर घ्यायची आणि मग पाय आत. मी बँकेत नोकरी करणारी बाई. सकाळी इस्त्रीची साडी नेसून घाईघाईत त्यांच्या गाडीतून जायचं म्हटलं तरी हा सोपस्कार चुकत नसे. एकदा वैतागून मी म्हणाले, "उमाकांतराव, त्यापेक्षा मी बसने जाते." ते शांतपणे म्हणाले, "जा की. स्टॉप समोरच आहे."

आमच्या इमारतीत तीनच बिऱ्हाडं. खाली घरमालकीण विजयालक्ष्मी मामी. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या मराठीतली अर्धी वाक्यं तमिळ वळणाने संपतात, पण त्या आम्हा वरच्या मजल्यावरच्यांना 'नवे मराठे' म्हणतात. वरच्या मजल्यावर एका बाजूला मी, मधुवंती, आणि समोरच्या दाराआड उमाकांतराव आणि सरोजिनीताई. ते दोघं मूळ मिरजेचे. उमाकांतराव पेरांबूरला रेल्वेचे डबे बनवण्याच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं होते. डब्यांतली आसनं, पडदे, जाजमं तपासून 'पास' किंवा 'नापास' म्हणायचं हेच त्यांचं काम. निवृत्त झाले तरी ती नजर घरी आली. माझ्या घरच्या सोफ्यावर बसण्याआधी ते शिवण बघत.

गाडीतला गालिचा त्यांनी स्वतः घातला होता. मूळचं रेक्झिन काढून, कागदाचे आराखडे कापून, वरच्या वर्गाच्या डब्यात घालतात तसला निळा नायलॉनचा गालिचा आणून, रविवारचे रविवार खपून बसवला होता. कडेला दोरा घालून शिवण मारली ती सरोजिनीताईंनी. दहा वर्षं त्या गालिच्यावर कोणाची चप्पल पडली नाही. खुद्द सरोजिनीताईंचीही नाही. त्यांच्याकडे गाडी चालवण्याचं लायसन होतं, पण गाडी हातात मिळायची ती फक्त पुसायला.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत एका सकाळी दोघं भाजी आणायला निघाले आणि सिग्नलला थांबलेली गाडी पुढे सुटलीच नाही. उमाकांतरावांचा उजवा हात स्टिअरिंगवरून घसरून मांडीवर पडला. त्याही अवस्थेत त्यांनी डाव्या हाताने हँडब्रेक ओढला, एवढी शुद्ध ठेवली. मग ओकारी झाली, कपडे ओले झाले, आणि ते सगळं त्या निळ्या गालिच्यावर.

उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत राहिलं. त्यांच्यासारख्या माणसाला हे जास्तच वाईट. सगळं कळत होतं.

गाडी कोणीतरी आणून खाली लावली. दवाखान्याच्या धावपळीत ती तीन दिवस बंदच राहिली. चौथ्या दिवशी सरोजिनीताईंनी दार उघडलं आणि त्या वासाने मागे सरल्या. घरात न्हाणीघरासाठी आणलेली ब्लीचिंग पावडर होती. ती त्यांनी पाण्यात कालवून ओतली आणि खराट्याने घासली. वास गेला. रंगही गेला. ड्रायव्हरच्या पायांपाशी परातीएवढा पिवळट पांढरा डाग उमटला, तो कायमचा.

"घाण निघाली असती गं," त्या मला पुढे म्हणाल्या, "डाग मी केला. माझ्या हाताने."

दवाखान्यातल्या व्यायाम विभागाच्या कनका मॅडमनी बजावून सांगितलं होतं की पहिले सहा महिने हातचे घालवू नका. पाय नक्की येईल, हाताचं नंतर बघू, पण आठवड्यातून तीनदा इथे यायलाच हवं. मार्चमध्ये पहिल्या दिवशी सरोजिनीताईंनी त्यांना अठरा पायऱ्या उतरवून गाडीपाशी आणलं. आता त्या चालवणार होत्या आणि ते शेजारी बसणार होते. उमाकांतरावांनी आत डोकं घातलं. समोर तो डाग. ते तसेच ओणवे उभे राहिले. मग मागे फिरले आणि सरोजिनीताईंचा आधार घेत जिन्याकडे चालू लागले.

मग ऑटो करून पाहिला. त्याची पायरी उंच, गुडघा दांडीवर आपटला, आणि चढवायला चार माणसं जमली. घरी आल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड करून अंग टाकलं ते एप्रिल संपेपर्यंत. सरोजिनीताई घरच्या घरी त्यांचा पाय वाकवायच्या, सोडायच्या. ते पाय देत, पण मन देत नसत. माझा स्वभाव फटकळ. एकदा मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, "तुम्ही असेच पडून राहिलात तर पायही तसाच राहील." त्यांनी डोळे मिटून घेतले. मला नंतर फार लाज वाटली.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी डाव्या हाताने स्वतः फोन फिरवला. कारखान्यातले त्यांचे जुने सहकारी मानाजीराव दहा वर्षं त्या गाडीवर डोळा ठेवून होते. त्यांना सांगितलं, पुढच्या रविवारी या आणि गाडी घेऊन जा. एवढंच बोलायला त्यांना पाच मिनिटं लागली.

त्या दिवशी संध्याकाळी सरोजिनीताई जिन्यात मला भेटल्या. चेहरा दगडासारखा. "मधुवंती, रविवारपर्यंत डाग गेला पाहिजे. गाडी गेली की ते पुन्हा जिना उतरणार नाहीत. मला माहीत आहे."

मी म्हटलं, वर एक छानसं मॅट टाका, पाच मिनिटांचं काम. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी किल्ली काढून माझ्या घराचं दार उघडायला लागले.

"सत्तावीस वर्षं जो माणूस गाद्या उचलून खालचं बघत आला, तो मॅट उचलून बघणार नाही? झाकायचं नाही. रंगवायचं."

दुसऱ्या दिवशी त्या गालिच्याच्या कडेचे चार धागे चिमटीत घेऊन बसने साहुकारपेठेत गेल्या. तिथल्या रंगांच्या दुकानदाराने एक धागा काडीने पेटवला. टोकाशी कडक मणी झाला. तो म्हणाला, नायलॉन आहे, लोकरीला लागतो तोच रंग याला चालेल. गरम पाण्यात कालवा, व्हिनेगर घाला, आणि रंग लावल्यावर बराच वेळ उष्णता द्या, नाहीतर धरणार नाही. सरोजिनीताईंनी हे सगळं पिशवीवर लिहून आणलं. आधीच्यापेक्षा एक छटा गडद निळा घेतला, म्हणजे डाग आणि बाकीचा भाग एकाच रंगाखाली येतील. उष्णतेची काळजी नव्हती. मद्रासचा मे महिना होता. आमच्या गच्चीवर दुपारी अनवाणी चार पावलं टाकता येत नाहीत.

बुधवारी मी दोन दिवसांची रजा घेतली. उमाकांतरावांची पान्ह्यांची पेटी खाली आली. प्रत्येक पान्ह्याच्या खणावर त्यांच्या अक्षरात आकडा. सीटचे बोल्ट गंजले होते. सरोजिनीताईंनी त्यांवर खोबरेल सोडलं, कॉफी घेतली, आणि परत येऊन पान्ह्यावर अक्षरशः उभ्या राहिल्या. वय त्रेपन्न, वजन माझ्याहून कमी. बोल्ट कर्र करून सुटला. वरच्या खिडकीतून उमाकांतरावांना हे सगळं ऐकू जात असणार. त्यांनी काही विचारलं नाही. 

गालिचा निघाला. तो दोन वेळा धुतला, पिळता येत नाही म्हणून गच्चीच्या कठड्यावर टाकून निथळवला. गुरुवारी सकाळी त्यांनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, रंग कालवला, व्हिनेगरची बाटली ओतली. गरम रंग ब्रशने धाग्यांच्या मुळापर्यंत, आधी उभा मग आडवा. डागावर तीन हात. मग काळं प्लॅस्टिक अंथरून कडांवर विटा ठेवल्या आणि ऊन काय करायचं ते करू दे म्हणून आम्ही खाली आलो. माझे हात कोपरापर्यंत निळे. पुढच्या आठवड्यात बँकेत दोन दिवस लोक माझ्या नखांकडे बघत होते.

संध्याकाळी प्लॅस्टिक काढलं तेव्हा ओला गालिचा सुंदर दिसला. मी खूश. शुक्रवारी सकाळी तो वाळला आणि माझं तोंड उतरलं. रंग ढगाळ, कुठे गडद कुठे फिका, आणि वर ठिकठिकाणी मिठासारखी पांढरी रेघ.  सरोजिनीताईंनी उमाकांतरावांचा एक पांढरा रुमाल आणला, ओला केला, अंगठ्याखाली धरला आणि गालिच्यावर दहा वेळा घासला. कारखान्यात डब्यातलं जाजम असंच तपासायचे, हे त्यांनी सत्तावीस वर्षं जेवताना ऐकलं होतं. रुमाल निळा झाला.

"नापास," त्या म्हणाल्या. आणि तिथेच गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत बसल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना प्रथमच रडताना पाहिलं. दोन मिनिटं. मग पदराने तोंड पुसून त्या पिशवीवरची टिपणं पुन्हा वाचायला लागल्या.

तेवढ्यात मामी पापड वाळत घालायला वर आल्या. साठी उलटलेल्या, पण कापडातलं त्यांना कळतं. त्यांच्या माहेरी तंजावरला रेशमाचा व्यवहार होता. त्यांनी ती पांढरी रेघ नखाने खरवडली आणि जिभेला लावली.

"अक्का, तुम्ही पाणी कुठलं घेतलां?"

"बोअरचं."

"अय्यो. कपडा रंगवायास उप्पु तण्णी, खारं पाणी? त्यांत तुमचा विनेगर अर्धा मरून गेला, रंग कसा धरील? नल्ल तण्णी पाहिजे की. पिण्याचं."

 रंगवायला पिण्याचं पाणी घ्यावं हे आम्हाला सुचणंच शक्य नव्हतं. मद्रासमध्ये दोन हजार चारचा उन्हाळा काढलेल्या कुठल्याही बाईला सुचलं नसतं. त्या वर्षी पाण्याच्या लॉरीमागे रांगेत उभं राहून एका घराला आठ घागरी मिळायच्या, त्याही दिवसाआड. गोड पाणी प्यायला आणि भातापुरतं. भांडी, कपडे, न्हाणं सगळं बोअरच्या खारट पाण्यात. केस चिकट, नळ पांढरे, डाळ शिजेना. सरोजिनीताई तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला घालायच्या. मागच्या वर्षी पाऊस उदंड झाला, नळाला पाणी आलं, अंगणातली जमिनीखालची टाकी भरली, पण आमचे हात अजून जुन्याच हिशेबाने चालत होते. गाडीच्या गालिच्यावर गोडं पाणी ओतायचं म्हणजे मुलाच्या ताटातलं काढून रस्त्यावर टाकल्यासारखं.

"नको मामी," सरोजिनीताई म्हणाल्या. "चार वेळा धुवायचं म्हणजे चाळीस बादल्या लागतील. पाप लागेल."

मामी हातातले पापड ठेवून जिना उतरल्या. आम्हाला वाटलं रागावल्या. खालून लोखंडी झाकण सरकल्याचा आवाज आला. आम्ही कठड्यावरून वाकून पाहिलं. मामींनी टाकीचं झाकण उघडलं होतं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"पाप मला लागूं दे," त्या वर बघून म्हणाल्या. "दोन हजार चारांत उमाकांतराव माझ्या घागरी त्यांच्या गाडींतून आणीत होते. त्या निळ्या गालिच्यावर ठेवून. मला मात्र चपला काढायास लावीत. घ्या पाणी. ऊन वाया जाऊं देऊं नका."

सरोजिनीताई उठल्या. दोरी, बादली, अठरा पायऱ्या आणि वरती गच्चीच्या आणखी वीस. माझी रजा संपली होती, पण मी बँकेत फोन करून पोट बिघडलंय, आता सोमवारीच येते, असं सांगितलं. खोटं बोलले आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी आणि मामींनी हातोहात चाळीस नाही, बावन्न बादल्या चढवल्या. आधीचा रंग आणि क्षार उतरेपर्यंत धुतलं. पाणी स्वच्छ निघायला लागलं तेव्हा गालिचा पुन्हा फिका आणि डागाळलेला, जसा निघाला होता तसाच. दोन दिवसांचं काम गटारात गेलं. मी विचारलं, "ताई, जमेल?" त्या म्हणाल्या, "पातेलं चढव."

शनिवारी पहाटेपासून पुन्हा तेच. गोड्या पाण्यात रंग वेगळाच विरघळला, एक कण तळाशी राहिला नाही. त्यांनी गुडघ्याखाली पोतं घेतलं आणि कोपऱ्यापासून ब्रश फिरवायला घेतला. मधे एकदा खालून उमाकांतरावांनी घंटा वाजवली. त्या हात पुसून गेल्या, त्यांना पाणी पाजलं, कूस बदलली, परत आल्या. त्यांचे निळे हात उमाकांतरावांनी पाहिलेच असणार. मी विचारलं, काही म्हणाले का? "नाही. फक्त माझी नखं बघत होते."

चारच्या उन्हात त्यांनी गालिच्याचा कोपरा वाळवला आणि ओला रुमाल दहा वेळा घासला.  रुमाल पांढरा होता. त्यांनी आणखी दहा वेळा घासला. पांढराच. मी टाळी वाजवली. त्या म्हणाल्या, "बोल्ट कुठे ठेवलेस?" बाकीचा गालिचाही वाळला आणि दिवेलागणीला सीटा जागेवर बसल्या.

रविवारी नऊ वाजता मानाजीराव आले. धोतरासारखी पांढरी वेष्टी, कपाळाला गंध, हातात फळांची पिशवी. गाडी न्यायची, पण मित्राच्या दुखण्यावर पाय ठेवून न्यायची नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी वर येऊन किल्ली हातात घेतली. उमाकांतराव जड जिभेने म्हणाले, "गाडी... मी दाखवणार."

 सरोजिनीताईंनी नुसतं "चला" म्हटलं. अठरा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर थांबत. आजारानंतर त्यांच्या उजव्या पायात पट्टा चिकटवायची चप्पल आली होती. ती प्रत्येक पायरीला घासत येत होती.

गाडीपाशी येऊन त्यांनी डाव्या हाताने दार उघडलं आणि आत पाहिलं. फार वेळ पाहिलं. डाग कुठे होता ते मलाही आठवून शोधावं लागलं असतं. त्यांची नजर कडेच्या शिवणीवरून फिरली, पेडलखाली गेली, मागे आली. सरोजिनीताई बाजूला उभ्या होत्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून.

"रुमाल," उमाकांतराव म्हणाले.

मी नळाखाली ओला करून आणला. त्यांना वाकता येईना. त्यांनी तो मानाजीरावांच्या हातात दिला आणि डाव्या हाताची पाच बोटं दोनदा दाखवली. मानाजीराव त्याच कारखान्यातले, त्यांना सांगायला लागलं नाही. त्यांनी वाकून दहा वेळा घासलं आणि रुमाल उघडून दाखवला.

उमाकांतराव त्या रुमालाकडे बघत राहिले. मग सरोजिनीताईंच्या पदराआडच्या हातांकडे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"चांगलं झालं आहे हो," मानाजीराव घसा साफ करत म्हणाले. "गाडी मी एक फेरी मारून बघतों, मग..." आणि त्यांनी एक पाय आत टाकला.

"मानाजी." आवाज इतका स्वच्छ आला की आम्ही सगळेच दचकलो. तीन महिन्यांत इतका स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. "चप्पल."

मानाजीरावांनी गोंधळून पाय बाहेर घेतला. तापलेल्या फरशीवर चपला काढल्या आणि पाय बदलत उभे राहिले. तोवर उमाकांतराव दारापासून हलले होते. गाडीच्या टपाला धरत, एक एक पाऊल, ते पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आले. ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बाजूला. त्यांनी दार उघडलं, सीटच्या कडेवर टेकले, पाय बाहेरच ठेवले. डाव्या पायातली चप्पल सहज निघाली. उजवीला पट्टा होता. मी पुढे वाकले तसा सरोजिनीताईंनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. जोरात ओढलं, दुखलं.

डावा हात खाली पोहोचत नव्हता. त्यांनी डाव्या हाताने उजवा पाय मांडीखालून उचलला, डाव्या गुडघ्यावर ठेवला, घसरला, पुन्हा उचलला. घाम आला. पट्टा ओढला, अर्धा निघाला. पुन्हा ओढला. चप्पल खाली पडली. मग त्यांनी तो पाय डाव्या हाताने सांभाळत आत घेतला आणि गालिच्यावर ठेवला. सात मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते, दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं म्हणून.

"अहो, आज रविवार," सरोजिनीताई म्हणाल्या.  "कनका मॅडम नसतील."

"रस्ता... बघून येऊ. तुला रस्ता... माहीत नाही."

त्या चपला काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. किल्ली मानाजीरावांच्या हातातून मीच घेऊन दिली.  गाडी सुरू झाली, एक गचका खाऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली. उमाकांतरावांनी खाली बघितलं आणि डाव्या हाताने पेडलकडे बोट दाखवलं.

"डावा कोपरा... फिका राहिला."

"माहीत आहे," सरोजिनीताई म्हणाल्या. "पास की नापास ते सांगा."

ते काय म्हणाले ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. गाडी फाटकातून बाहेर गेली. मानाजीराव अनवाणी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत म्हणाले, "मग गाडी आपल्याला मिळणार नाही म्हणायचं." मामी दारातून हसल्या आणि त्यांना कॉफी प्यायला आत बोलावलं. घाईत कापडी पिशवी कोणालाच आठवली नव्हती. दोघांच्या चपला तिथेच फरशीवर राहिल्या होत्या. उजवीचा पट्टा उघडा होता. मी चारही चपला उचलल्या, ऊन लागू नये म्हणून सावलीत एका ओळीत मांडल्या, आणि ते परत येईपर्यंत तिथेच पायरीवर बसून राहिले.